कोरडं वजन

९ सप्टेंबर, मंगळवार

आमच्या मॅनेजर अंजली मॅडमनी आज केबिनमध्ये बोलावून शब्दयादीचं काम दिलं. आमच्या डायलिसिस सेंटरचं माहितीपत्रक आता मराठीतही निघणार आहे. महादेवपुऱ्यात पुण्या-मुंबईची, कोल्हापूर-नागपूरची आयटीतली मंडळी भरलीत, आणि त्यांच्या मागोमाग त्यांचे आईवडील दुखणी घेऊन येतात. त्यांना कन्नड येत नाही, इंग्रजी ऐकलं की घाबरतात, आणि आमच्या डॉक्टर मॅडमचं हिंदी ऐकलं तर धडधाकट माणूसही घाबरेल. म्हणून मी. हुद्दा पेशंट कोऑर्डिनेटर, काम दुभाषाचं. निपाणीत वाढल्याचा एवढा तरी फायदा झाला: घरात मराठी, शाळेत कन्नड आणि भांडायला दोन्ही.

मॅडमनी पत्रकातले इंग्रजी शब्द एका एक्सेल शीटमध्ये काढून दिलेत, ए टू झेड, एका ओळीत एक शब्द. मी म्हटलं, "पूर्ण मजकूर मिळाला तर बरं होईल. वाक्य बघून अर्थ लावता येतो."

"तो डिझायनरकडे आहे. तू फक्त समोर मराठी लिही, पेस्ट तो करेल. तुझं मराठी सुपर आहे, पवित्रा."

सुपर म्हटलं की मी विरघळते, हा माझा जुना दोष. दोनशे बारा शब्द आहेत.

११ सप्टेंबर, गुरुवार

'डी'पाशी अडकले. ड्राय कफ, ड्राय माउथ, ड्राय स्किन, ड्राय ड्रेसिंग, ड्राय फ्रूट, ड्राय वेट. एवढासा शब्द, पण इंग्रजीत कुणाच्याही मागे जाऊन उभा राहतो. मराठीत तसं चालत नाही. खोकला कोरडा, पण मासळी सुकी. पान वाळलेलं, त्वचा रुक्ष, विहीर आटलेली आणि म्हैस भाकड. ड्राय फ्रूट तेवढं सोपं निघालं: सुकामेवा. लिहिलं आणि पुढे गेले.

चार नंबरच्या खुर्चीवरच्या मालोजीकाकांना ही गंमत सांगितली. काका कोल्हापूरकडच्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून होते. आता मुलाकडे, अभिराजकडे, बेळ्ळंदूरला राहतात. मंगळवार, गुरुवार, शनिवार मशीनवर चार-चार तास पडून असतात आणि त्यांना बोलायला कुणीतरी लागतं. मलाही लागतं.

"ड्राय डे राह्यला की," काका म्हणाले.

"तो पत्रकात कशाला येईल?"

"पेशंटला सगळ्यात आधी तोच कळतो, पोरी."

राजलक्ष्मीकाकू पायथ्याशी स्टुलावर बसून विणत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ड्राय वेस्ट. रोज सकाळी गाडी येती, ओला वेगळा, सुका वेगळा. इथं आल्यावर पहिलं इंग्रजी मी तेच शिकले."

ड्राय वेटला मात्र मी 'कोरडं वजन' लिहून खोडलं, पुन्हा लिहिलं. काका म्हणाले, यात अवघड काय आहे? उसाचा ट्रक काट्यावर आला की भरलेलं वजन, ऊस उतरवून परत आला की रिकामं. "मशीनवरनं उठलो की मी रिकामा ट्रक. तेच माझं कोरडं वजन, एकसष्ट किलो. वर जे चढतंय ते सगळं पाणी." पाच वर्षं इथे काम करते, पण इतकं सोपं मला कधी सांगता आलं नव्हतं. 'कोरडं वजन' कायम ठेवलं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

काका आज चार किलो जास्त घेऊन आले. धाप लागलेली, पायावर बोट दाबलं की खड्डा. शनिवारनंतर मधे दोन दिवस मोकळे मिळतात, त्यात ताक प्यायले, आमटी ओरपली, वरून कलिंगड. डॉक्टर मॅडम भडकल्या. काय काय बोलल्या ते इथे लिहीत नाही. शेवटी मला म्हणाल्या, "टेल हिम टू स्टे ड्राय. ड्राय मीन्स ड्राय."

मी ठासून सांगितलं. आमटी बंद, ताक बंद, सरबत बंद, फळं बंद. पातळ म्हणून काही तोंडात घालायचं नाही. "काका, आता फक्त ड्राय. जे खायचं ते ड्राय."

काकूंनी पर्समधून छोटी वही काढली आणि तेवढंच लिहून घेतलं. जे खायचं ते ड्राय. मॅडमना वहीतलं मराठी काय कळणार, पण त्या लिहिताहेत हे बघून खूष झाल्या. घरी येताना मीही खूष होते. माझं एक वाक्य माणसाच्या घरात जाऊन पथ्य होतं, हे काही थोडं नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

काकांचं वजन फक्त दीड किलो वर! कल्लाप्पाअण्णांनी काटा दोनदा तपासला. अण्णा म्हणजे आमचे मशीन टेक्निशियन, गोकाकचे. अर्धं मराठी, अर्धं कन्नड आणि उरलेलं कुरकुर.

काकूही आता शब्दांच्या खेळात उतरल्यात. आज निघताना, काका मागे काट्यावरच होते तेव्हा, लिफ्टपाशी मला विचारतात, "पवित्रा, ड्रायफ्रूट म्हंजे पण ड्रायच की हो?"

मी म्हटलं, "शंभर टक्के ड्राय, काकू! फुल मार्क!"

केवढ्या हसल्या. यादीतले एकशेनव्वद शब्द झाले.

७ ऑक्टोबर, मंगळवार

महिन्याचे रिपोर्ट आले. सगळ्यांचे ठीक, आणि ज्यांचं वजन सगळ्यात शहाण्यासारखं त्या मालोजीकाकांचं पोटॅशियम सहा पॉइंट चार; साडेपाचच्या आत हवं ते. वाढलं तर हृदय बंद पडू शकतं, म्हणून डॉक्टर मॅडम धावत आल्या. मला मधे उभं करून उलटतपासणी सुरू झाली.

"आस्क हिम, एनी फ्रूट्स?"

मी विचारलं, "काका, फळं खाताय का? खरं सांगा."

"एक फोड नाही. शपथ घेतो."

"नारळपाणी? टोमॅटो? बटाटा?"

काकू मधे पडल्या. "अहो, घरात फळ आणणंच बंद केलंय मी. पोरगा केळी आणायचा, त्यालाबी सांगितलं ऑफिसात खा."

दोघंही खरं बोलत होते, ते माझ्या लगेच लक्षात येतं. मी मॅडमना म्हटलं, "नो फ्रूट्स, मॅडम. शुअर." मॅडमनी रक्ताचा नमुना खराब झाला असेल म्हणत पुन्हा पाठवला. दुसरा सहा पॉइंट एक आला. एक पावडर लिहून दिली, मशीनचं पाणी बदललं. अण्णा नळ्या लावताना पुटपुटत होते, "कुठून तरी येतंय गं हे. घरात स्वल्प नीट विचार." मी म्हटलं, अण्णा, विचारलं ना मी. थोडा रागच आला. भाषा माझी, आणि हे मला शिकवणार.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

यादी पूर्ण झाली. अंजली मॅडमनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या.

काकांच्या पायात बळ नाही म्हणतात, जिना चढताना गुडघे वाकतात. मी म्हटलं, अशक्तपणा असेल, खाणं कमी झालंय तुमचं. काकू म्हणाल्या, "नाही हो, तेवढ्यासाठीच तर ताकदीचं देते रोज."

१८ ऑक्टोबर, शनिवार

धनत्रयोदशी. सेंटरमध्ये रांगोळी काढली, डॉक्टर मॅडमनी सगळ्यांना पणत्या दिल्या. काकूंनी मला ड्रायफ्रूटचा डबा दिला, मखमली कापडाचा, चार कप्प्यांचा. अभिराजच्या ऑफिसातून दोन आले म्हणे. "एक तुमचा, एक ह्यांचा." मी नको नको म्हटलं आणि घेतला. जर्दाळू फारच छान आहेत. निपाणीला जाताना आईसाठी न्यावेत म्हणून बाकीचे बांधून ठेवले.

काका जाताना म्हणाले, "मंगळवारी लक्ष्मीपूजन, तरी येतो. काट्याला सुट्टी नसती." वजन आज अवघं एक किलो वर होतं. त्यांच्या फाइलवर मी चांदणीचा स्टिकर लावला.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

मालोजीकाका गेले. काल सकाळी, अभ्यंगस्नानाच्या पाटावरच. काकू उटणं लावत होत्या. अभिराजने फोनवर इंग्रजीत सांगितलं, अगदी सरळ आवाजात, मीटिंग पुढे ढकलावी तसं. नंतर म्हणाला, "चेअर नंबर फोर तुम्ही दुसऱ्या कुणाला देऊ शकता."

मी बाथरूममध्ये जाऊन रडले. अण्णांनी मशीन रिकामंच धुतलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज लिहिलं नाही तर उद्या मी हे वेगळंच आठवायला लागेन.

कोल्हापूरला दिवस-कार्य उरकून अभिराज आणि काकू परत आलेत. आज फाइल न्यायला दोघं आले. मी काकूंना खुर्ची दिली, पाणी दिलं. त्या बोलत सुटल्या, इतके दिवस कुणाशी बोलल्याच नसाव्यात. "शेवटपर्यंत पथ्य मोडलं नाही हो त्यांनी. पातळ काही घेतलं नाही. भूक लागली म्हणाले की मूठभर ड्रायफ्रूट. अंजीर, जर्दाळू, मनुका. सकाळी एक मूठ, संध्याकाळी एक. दिवाळीचा डबा तर दोन दिवसांत संपवला."

माझ्या लक्षात यायच्या आधी अभिराज बोलला. त्याला आधीच माहीत होतं, नेटवर वाचलं होतं. "हेच मी हिला सांगतोय. ड्रायफ्रूट इज प्युअर पोटॅशियम. आई, तुला कुणी सांगितलं होतं चालतं म्हणून?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"मला वाटतं... मी विचारलं होतं. लिफ्टपाशी." मग कपाळावर हात फिरवला. "की विचारलंच नव्हतं? मलाच चुकीचं ऐकू आलं असेल."

"बघा," अभिराज मला म्हणाला. "रोज वेगळं सांगते."

मी मान हलवली, कशासाठी ते मलाही माहीत नाही. फाइल दिली, सही घेतली, लिफ्टपर्यंत सोडायला गेले नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

डिझायनरकडून मूळ इंग्रजी पत्रक आणि त्याचा मराठी मसुदा मागवला. पान तीन, दोन रकाने. डावीकडे चालणारे पदार्थ, उजवीकडे लाल अक्षरांत बंद. बंदमध्ये चौथ्या ओळीला ड्राय फ्रूट्स. मराठी मसुद्यात त्याच जागी माझा शब्द, सुकामेवा, व्यवस्थित बसवलेला.

११ सप्टेंबरला हा शब्द माझ्या हातातून गेला होता. मी तो सोपा म्हणून सोडला. आणि ७ ऑक्टोबरला मी 'फळं' विचारली. आमच्याकडे ड्रायफ्रूटला फळ म्हणतं का कुणी? फळ म्हणजे केळं, सफरचंद. सुकामेवा तो सुकामेवा. त्यांनी प्रश्नाला खरं उत्तर दिलं होतं, मीच चुकीचा प्रश्न विचारला होता. इंग्रजीत फ्रूट म्हटल्यावर त्यात तेही आलं असतं की नाही, हे डॉक्टर मॅडमना विचारायची मला भीती वाटते.

घरी आल्यावर तो मखमली डबा उघडला नाही. कचऱ्यात टाकायला गेले तर ओल्यात टाकू की सुक्यात, एवढंही सुचेना. शेजारच्या बाई बघत होत्या, म्हणून परत आत आणला.

१० नोव्हेंबर, सोमवार

डॉक्टर मॅडमना आडून विचारलं. म्हणाल्या, त्यांचं हृदय आधीच थकलेलं होतं, नेमकं कशाने झालं हे कुणीच सांगू शकत नाही. दुपारपर्यंत या एका वाक्यावर मी जगले. जेवलेसुद्धा.

संध्याकाळी अंजली मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी दार लावलं. "ओके, लिसन. तू काही लिहून देऊ नकोस, कुणाला मेल करू नकोस. तू जोक केलास, त्यांनी मिसअंडरस्टँड केलं. इट हॅपन्स. पत्रकात तर ते बंदमध्येच आहे ना?"

"पत्रक तेव्हा छापलं नव्हतं, मॅडम."

"एक्झॅक्टली. म्हणजे आपली चूक नाही."

अण्णांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ फिल्टर पुसत राहिले. "गेलेला माणूस परत येतोय काय? तुझी नोकरी जाईल तेवढी. बिडु, सोडून दे." एवढं बोलून त्यांनी फळ्यावरचं सगळं पुसलं, खडू माझ्या हातात दिला आणि म्हणाले, सुकामेवा बंद असं मराठीत लिही, खाली कन्नडमध्ये मी लिहितो. लिहिलं. अक्षर माझं नेहमी चांगलं येतं, आज आलं नाही.

मी सोडून देणार आहे. निपाणीला आई आहे, घराला माझ्या पगाराची गरज आहे. आणि नेमकं कशाने झालं हे कुणीच सांगू शकत नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

दुपारी अभिराजचा फोन. मला वाटलं, कळलं सगळं.

"पवित्रा, एक हेल्प हवी होती. आईसाठी मेमरी क्लिनिकची अपॉइंटमेंट मिळेल का? तुमच्या ओळखीचं कुणी?"

"काय झालं काकूंना?"

"कान टेस्ट केले, परफेक्ट आहेत. म्हणजे प्रॉब्लेम वर आहे. न झालेल्या गोष्टी आठवतात तिला. ती लिफ्टची गोष्ट, तुम्ही काहीतरी मार्क दिले म्हणे. आता तीच म्हणते, माझं डोकं गेलंय. गॅस पेटवत नाही, औषधं स्वतःची स्वतः घेत नाही, एकच गोष्ट दहादा विचारते, मी बरोबर केलं का, मी बरोबर केलं का. मी तिला गावी एकटी ठेवू शकत नाही आणि इथे दिवसभर घरी कुणी नसतं. एक असिस्टेड लिव्हिंग बघितलंय, येलहंकाला. डॉक्टरचं लेटर लागतं."

मी अपॉइंटमेंट घेतली. सोमवार, साडेअकरा. हे माझं कामच आहे, आणि ते मी नेहमीसारखं चोख केलं. फोन ठेवला आणि मग माझ्या लक्षात आलं की मी काय करून बसले आहे.

फुल मार्क. हे शब्द काकूंना आठवतात. त्या लिफ्टपाशी तिसरं कुणी नव्हतं. त्या वेड्या नाहीत हे सांगू शकेल असं माणूस या शहरात एकच आहे, आणि ते माणूस त्यांना वेड्यांच्या डॉक्टरची वेळ मिळवून देतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी बेळ्ळंदूरला गेले. रिंग रोडवर ऑटो तासभर अडकला. चालक म्हणाला, "स्वल्प अॅडजस्ट माडी, मॅडम," थोडं सांभाळून घ्या, आणि मला वाटलं, अजून तासभर अडकू दे. नाही अडकला.

सोळावा मजला. दार अभिराजने उघडलं. काकू बाल्कनीजवळच्या खुर्चीवर होत्या. समोर सुया आणि लोकर, पण विणकाम बंद. आधी पाठ केलेलं एकही वाक्य मला आठवेना. उभ्याउभ्याच बोलले.

"काकू, तुम्ही विचारलं होतं. वीस सप्टेंबरला, लिफ्टपाशी. ड्रायफ्रूट म्हणजे पण ड्रायच का, असं. मी हो म्हटलं. शंभर टक्के म्हटलं, फुल मार्क म्हटलं. मला तो शब्दांचा खेळ वाटला. तुम्ही पथ्य विचारत होता, आणि मी हसले. नंतर पोटॅशियम वाढलं तेव्हाही मी फक्त फळांचं विचारलं. आणि त्या दिवशी सेंटरमध्ये तुम्ही माझ्याकडे बघत होता, तेव्हा मला सगळं आठवत होतं. मी बोलले नाही."

अभिराज काहीतरी म्हणायला लागला. कायदा, लेखी, वकील असे शब्द ऐकू आले. आवाज चढत गेला. मी म्हटलं, लिहून देते, काय हवं ते. खरंच देणार आहे. त्याचं पुढचं बोलणं मी ऐकलंच नाही, कारण काकू खुर्चीतून उठत होत्या, दोन्ही हातांवर जोर देऊन, हळूहळू.

मला वाटलं, मारतील. मारावं असंही वाटलं.

त्या माझ्याकडे आल्याच नाहीत. मुलासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि त्याच्या शर्टाची बाही धरली.

"अभि, ऐकलंस? मी विचारलं होतं. मी बरोबर ऐकलं होतं."

"आई, बस जरा."

"नाही, ऐक तू. मी बरोबर ऐकलं होतं. फुल मार्क म्हणाली होती ती. माझं डोकं ठिकाणावर आहे रे. मी विचारल्याशिवाय दिलं नव्हतं तुझ्या बापाला काही."

रडत होत्या आणि चेहरा उजळला होता. माणसाच्या तोंडावर या दोन गोष्टी एका वेळी मी कधी पाहिल्या नव्हत्या. अभिराज खाली बघत होता. मग त्या माझ्याकडे वळल्या. डोळे पुसले, पदर नीट केला.

"तुम्ही सांगायला आलात, बरं झालं," त्या म्हणाल्या. अगदी शांतपणे म्हणाल्या. "आता परत माझ्यासमोर येऊ नका."

मी बाहेर आले. चपला घालत होते तेव्हा आतून आवाज येतच होता. त्या कुणाला तरी फोन लावून, बहुतेक कोल्हापूरला, पहिल्यापासून सांगत होत्या, लिफ्ट, ड्रायफ्रूट, फुल मार्क, सगळं जसंच्या तसं, एक शब्दही न चुकवता.